पत्र्याच्या अलीकडे आणि पलीकडे

इस्लामपुरात २३ मार्च २०२० ला एकाच घरातल्या चार जणांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. सौदी अरेबियाहून यात्रा करून परतलेलं ते कुटुंब. पुढच्या काही दिवसांत त्यांच्याच नात्यागोत्यातली आणखी माणसं बाधित निघाली, आकडा पंचविसाच्या घरात गेला आणि सांगली जिल्ह्यातलं हे गाव राज्यभराच्या बातम्यांत झळकलं. गल्ल्यांच्या तोंडाला बांबू बांधले गेले, पत्रे लागले, मिरजेचं सरकारी रुग्णालय कोरोनासाठी राखीव झालं. वैद्यकीय हिशेबाने ही गोष्ट चांगली संपली. एप्रिलच्या मध्यापर्यंत यातले बहुतेक सगळे बरे होऊन घरी आले आणि ‘इस्लामपूर पॅटर्न’चं कौतुकही झालं. संपर्कात आलेल्यांचा माग काढायचा, त्यांना वेगळं ठेवायचं, भाग बंद करायचा, असा तो पॅटर्न.

माणूस घरी आल्यावर काय, याचा रकाना मात्र कुठल्याच पॅटर्नमध्ये नव्हता. पुढची दोन वर्षं सातारा-सांगलीच्या गावागावांत तेच दिसलं. ताप उतरलेला असायचा, अहवाल निगेटिव्ह असायचा, पण दूधवाला दार चुकवून पुढे जायचा. ‘त्यांच्या घरात निघालाय’ हे तीन शब्द अख्ख्या आळीत फिरायचे. पॉझिटिव्ह माणसाचं नाव प्रयोगशाळेतून त्याच्या घरी पोहोचायच्या आत गावाच्या ग्रुपवर पोहोचायचं.

त्या काळात मनःस्वास्थ्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. प्राणायाम करा, छंद जोपासा, सकारात्मक राहा. सल्ले चुकीचे नव्हते, पण सगळे पत्र्याच्या आत कोंडलेल्या माणसाला उद्देशून होते. पत्रा ठोकणाऱ्या, त्याच्याकडे बघत उभ्या राहणाऱ्या आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढणाऱ्या माणसांना कोणी काही सांगितलं नाही. खरं तर साथीत मनाचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं बाहेरून येतं आणि ते बाहेरच्यांनाच थांबवता येतं. म्हणून इथे आतल्या माणसासाठी काही गोष्टी आहेत, पण सुरुवात बाहेरच्यांपासून.

फेब्रुवारी २०२० मध्ये, कोरोना भारतात नीट पोहोचलाही नव्हता तेव्हा, ‘लॅन्सेट’ने विलगीकरणाच्या मानसिक परिणामांचा एक आढावा प्रसिद्ध केला. सार्स, इबोला अशा आधीच्या साथींतल्या २४ अभ्यासांवर तो आधारलेला होता. विलगीकरणात माणसाला काय जाचतं? लांबत जाणारे दिवस, संसर्गाची भीती, कंटाळा, सामानसुमानाची टंचाई, अपुरी माहिती. आणि सुटका झाल्यावर? बुडालेला पैसा आणि लोकांची नजर. हा अभ्यास कुठल्या गावकारभाऱ्याच्या हाती पडला नसणार, पण त्यातलं प्रत्येक कारण मे २०२० मध्ये पाटण, जावळी, माण-खटाव आणि शिराळ्याच्या गावांत जसंच्या तसं उतरलं.

तेव्हा मुंबईकर गावाकडे निघाले होते. या भागातलं जवळपास प्रत्येक घर मुंबईला बांधलेलं आहे; कोणी माथाडी, कोणी टॅक्सीवर, कोणी गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करणारा. खानापूर-आटपाडी-विट्याकडची गलाई कामगारांची घरं तर देशभर पांगलेली. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत बसलेली ही माणसं टाळेबंदीत अडकली आणि वाट मिळेल तशी परतली. यात्रेला, गणपतीला ज्यांची वाट बघितली जायची, त्याच मुंबईकरांसाठी वेशीवर काट्या टाकल्या गेल्या. मुक्काम पडला जिल्हा परिषदेच्या शाळेत: बाकं एका कोपऱ्यात रचलेली, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच, खिडकीला गज. दोन वेळचा डबा कंपाउंडच्या भिंतीवर यायचा. डबा ठेवणारा भाऊ किंवा वहिनी घाईघाईने मागे सरकायची.

संसर्ग टाळायला मागे सरकणं भागच होतं. पण दहा फुटांवर उभं राहून पाच मिनिटं बोलायला काही आडकाठी नव्हती. ज्या घरांनी ते केलं, त्यांच्या माणसांचे दिवस सुसह्य झाले. साथीत डबा देणाऱ्याने रोज एक प्रश्न विचारावा आणि तो तब्येतीचा नसावा. ‘म्हैस आटली का?’, ‘पावसाआधी पत्रे बदलायचेत, खिळे किती लागतील?’ असं काहीही. घरच्या कामात आपलं मत अजून विचारलं जातंय, एवढं कळलं तरी कोंडलेल्या माणसाला धीर येतो.

शेजाऱ्यांनी, ग्रामपंचायतीने आणि ग्रुपच्या ॲडमिनने आणखी काही पथ्यं पाळावीत. बाधिताचं नाव, फोटो, राहण्याची जागा ग्रुपवर टाकू नये. कोणी टाकलीच तर ॲडमिनने ती तिथल्या तिथे काढावी. बंद घराला किराणा, गॅस, औषधं आणि जनावरांची वैरण कोण पोहोचवणार हे पहिल्याच दिवशी ठरवून त्या घराला सांगावं, कारण धार कोण काढणार ही चिंता शेतकऱ्याला तापापेक्षा जास्त जागवते. विलगीकरण किती दिवसांचं, कधी संपणार, कोण येऊन सोडणार, हे लिहून द्यावं. मुदत संपल्यावर सरपंच, गुरुजी किंवा गावात मान असलेल्या एखाद्याने उघडपणे त्या घरी जाऊन चहा घ्यावा. गाव भाषणापेक्षा अशा चहाकडे बघतं.

बहिष्काराची किंमत आजाराच्या बाबतीतही मोजावी लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तिथून पुणे, सातारा भागात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला तो हाच. प्लेगच्या वेळी घरात घुसून झडत्या, माणसं उचलून छावणीत, असा कारभार सुरू झाल्यावर लोक रोगी लपवू लागले. त्याच साथीत सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. आजारी मुलाला दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शतकाहून अधिक काळ लोटला तरी लपवालपवी तीच राहिली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सातारा, सांगली होरपळत असताना अंगावर ताप काढणारे आणि तपासणीला न जाणारे कितीतरी होते. ‘गावात नाव होईल’ हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

आता पत्र्याच्या आतलं.

एकट्याला खोलीत राहायची वेळ आली की पहिल्यांदा दिवसाची घडी मोडते. दुपारी झोप, रात्री मोबाइल, जेवणाला ठिकाण नाही. झोप मोडली की चिंता वाढते आणि चिंता वाढली की झोप आणखी मोडते. त्यामुळे उठायची वेळ काही झालं तरी बदलू नये, अंघोळ करून कपडे बदलावेत, खिडकीशी किंवा गच्चीवर सकाळचं ऊन घ्यावं. दिवसाकाठी हाताला एक तरी काम असावं. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, शेतीचा जमाखर्च लिहिणं, काहीही चालेल. बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. जिल्हा प्रशासनाचं पत्रक आणि एखादं वर्तमानपत्र पुरे. रात्री झोपताना बातम्या नकोतच.

दुसऱ्या लाटेत घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि त्यासोबत नवी चिंता आली. काही जण दर दहा मिनिटांनी बोट त्यात घालून बसत. ९७ चा ९६ झाला की छातीत धडधड, धडधडीने श्वास उथळ, उथळ श्वासाने पुन्हा भीती. मोजणी दिवसातून तीन-चार वेळा, शांत बसून, बोट गरम असताना करावी आणि आकडा वहीत लिहावा. आकडा ९४ च्या खाली दिसला तर वाट न बघता डॉक्टरांना कळवावं. आकडा चांगला आहे, तरी जीव घाबरा होतोय, हातापायाला मुंग्या येताहेत, ‘आता काही खरं नाही’ असं वाटतंय, तर तो बहुधा घबराटीचा झटका असतो. अशा वेळी पाय जमिनीला टेकवून बसावं, नाकाने श्वास घ्यावा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. काही मिनिटांत तो ओसरतो. छातीत कळ असेल, घाम फुटत असेल किंवा त्रास थांबत नसेल, तर मात्र हे घबराटीचं म्हणून घरी बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

दारूविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण घरं ते झाकून ठेवतात. मार्च २०२० च्या अखेरीस दुकानं एका रात्रीत बंद झाली. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. काहींना झटके येतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊ लागतात: भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आल्यासारखं वाटतं, वेळ-जागेचं भान सुटतं. ही अवस्था जीव घेऊ शकते. घरचे समजतात, नाटक करतोय किंवा कोणीतरी करणी केली. दोन्ही चूक; त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं, औषधांनी तो सावरतो. आणि दारू मिळत नाही म्हणून भलतंच काही पिणाऱ्यावरही घरच्यांचं लक्ष हवं. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली होती. साताऱ्यात या बाबतीत एक जमेची बाजू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘परिवर्तन’ ही संस्था इथे वर्षानुवर्षं व्यसनमुक्तीचं काम करते. टाळेबंदीत तिने आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘मनोबल’ नावाने फोनवरून मानसिक आधार देणारी सेवाही चालवली.

करणी आणि बाधा यांचा विषय रुग्णालयात असलेल्या म्हाताऱ्या माणसांबाबतही येतो. समजा, घरचे आबा आठ दिवस ऑक्सिजनवर आहेत. रात्री उठून नळ्या ओढतात, वॉर्डात म्हशी शिरल्यात म्हणतात, थोरल्या लेकाला ओळखत नाहीत आणि सकाळी पुन्हा नीट बोलतात. वैद्यकात याला डिलिरियम म्हणतात. ऑक्सिजन, साखर, मिठाचं प्रमाण, ताप, औषधं यांपैकी कशाच्या तरी गडबडीने मेंदू तात्पुरता भरकटतो. वृद्धांमध्ये कधी कधी संसर्गाची पहिली खूणच ही असते, ताप नंतर येतो. म्हणून असं काही दिसलं की डॉक्टरांना लगेच सांगावं. सोबतीला चष्मा, कानाचं यंत्र, एक घड्याळ द्यावं. फोनवरून का होईना, ओळखीचा आवाज दिवसातून दोन-चार वेळा कानावर पडावा: ‘आबा, मी बोलतोय, आज गुरुवार, तुम्ही मिरजेच्या दवाखान्यात आहात.’ वाद घालू नये, म्हशी नाहीत हे पटवून देत बसू नये. स्टेरॉइडमुळेही काहींची झोप उडते, चिडचिड वाढते, बोलणं सुसाट सुटतं. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

आजार गेल्यावरही मनाची काळजी काही महिने घ्यावी लागते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोरोना झालेल्या २ लाख ३६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. साधारण तिघांपैकी एकाच्या नावावर सहा महिन्यांत मेंदूच्या किंवा मनाच्या एखाद्या आजाराचं निदान होतं. काहींचं जुनंच, पण काहींचं आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा बरा झालेला माणूस चार महिन्यांनी उदास असेल, हिशेब चुकत असेल, तर त्याला ‘आता काय झालंय तुला?’ असं डाफरण्याआधी हे आठवावं.

सगळ्यात अवघड दुःखाचं. मिरजेच्या पंढरपूर रस्त्यावरच्या आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीच्या स्मशानभूमीत २०२०-२१ मध्ये जे अंत्यसंस्कार झाले, त्यातल्या कित्येकांना घरचं कोणी जवळ नव्हतं. तोंड पाहिलं नाही, पाणी पाजलं नाही, रक्षा सावडायला भाऊबंद नाहीत. दहावा-तेरावा ही नुसती रीत नसते. तेरा दिवस घर भरलेलं असतं, बाया बसून असतात, रडू येईल तेव्हा रडता येतं. साथीने नेमकं तेच काढून घेतलं. ज्या घरांत असं झालं तिथे वर्षश्राद्धाला किंवा कुठल्याही ठरवलेल्या दिवशी माणसं बोलवावीत, गेलेल्याबद्दल बोलावं, त्याचं आवडीचं जेवण करावं. धार्मिक विधी करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. भेटायला जाणाऱ्याने ‘देवाची इच्छा’ आणि ‘लवकर दवाखान्यात न्यायला हवं होतं’ ही दोन वाक्यं आपल्याच घरी ठेवून जावं. दुसरं तर फार जिव्हारी लागतं. नवरा गमावलेल्या तरुण बायकांकडे दुःखासोबत कर्ज, जमिनीच्या नोंदी आणि दीर-सासऱ्यांचे प्रश्न येतात. त्यांच्यासोबत तलाठ्याकडे आणि बँकेत जाणारं कोणी मिळालं, तर तो मनावरचाही इलाज असतो.

मुलांशी खोटं बोलू नये. बाबा ‘गावाला गेलेत’ म्हटलं की मूल वाट बघत राहतं आणि पुढे कोणावरच विश्वास ठेवत नाही. साध्या शब्दांत, एकदाच नव्हे, विचारेल तितक्या वेळा सांगावं.

गर्दीची ओढ कशी सांभाळायची, यावर प्रशासनाने आणि गावांनी दोघांनीही नीट विचार केला नाही. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. लोणंद, तरडगाव, फलटणचे तळ ओस राहिले. लोकांनी ते मान्य केलं, कारण पादुका तर गेल्या, वारी चुकली नाही. उलट, वाई तालुक्यातल्या बावधनचं बगाड २ एप्रिल २०२१ ला बंदी असताना निघालं, हजारोंची गर्दी झाली, गुन्हे दाखल झाले. त्या गर्दीचं समर्थन होऊ शकत नाही. पण वर्षभर तालीम बंद, यात्रा बंद, लग्नात पन्नास माणसं अशा अवस्थेत नुसती बंदी पुरत नाही. थोडक्या माणसांत रीत पार पडेल आणि बाकीच्यांना तिच्यात दुरून भाग घेता येईल, अशी वाट गावाच्या मानकऱ्यांना बसवून आधीच काढावी लागते.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवं. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तासगाव, मिरज भागात द्राक्षं वेलीवर होती आणि बाजार बंद. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीला गिऱ्हाईक नाही. सांगलीचे हळदीचे सौदे थांबले. त्यावर जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर; २०१९ च्या पुराची ओल भिंतीतून पुरती गेलीही नव्हती. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर दरडी कोसळल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या झाल्या, त्यांतल्या १९,९०९ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. ज्या घरात बागेवर फवारायची औषधं आहेत, तिथे ती राहत्या घराबाहेर, कुलपात ठेवावीत आणि कोणी निराश दिसत असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. जीव द्यायचा विचार पुष्कळदा थोड्या वेळापुरता तीव्र असतो. हाताशी विष नसलं तर ती वेळ टळू शकते.

आणि विचारावं. ‘तात्या, जीव द्यावा असं मनात येतंय का?’ असं सरळ. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नये, उपदेश करू नये, आणि त्याच दिवशी मदत गाठावी. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला काळजी आणि उपचार देण्याची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारवर टाकली आहे. आरोग्यविम्यातही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं, असं हाच कायदा सांगतो.

डॉक्टरकडे कधी जायचं? उदासी, चिंता, झोप न लागणं, कामात मन नसणं हे दोन आठवडे रोज चालू राहिलं आणि त्यापायी जेवण, काम, नाती बिघडू लागली की जावं. भास, टोकाचा संशय किंवा मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगली आणि मिरजेची सरकारी रुग्णालयं इथे मनोविकारतज्ज्ञ भेटतात; सगळ्याच मनोरुग्णांना येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्यावं लागतं ही समजूत आता सोडून द्यावी. नातेवाइकांना सांगायचा संकोच वाटत असेल तर ‘झोपेच्या डॉक्टरकडे चाललोय’ म्हणावं, काही बिघडत नाही.

राहता राहिली आशाताई. घरोघर फिरून ताप मोजणारी, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत उंबऱ्यावर उभी राहून लोकांची बोलणी ऐकणारी आणि जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलेली बाई. कोणाच्या घरात कोण खचलंय याची पहिली कुणकुण तिलाच लागते. पावसाळ्याआधी कृष्णाकाठच्या ग्रामपंचायती बोटी, दोर आणि पोहणाऱ्यांच्या याद्या तयार करतात. त्याच वहीत पुढच्या पानावर गावातली एकटी राहणारी म्हातारी माणसं, रोज पिणारे, मनाच्या गोळ्या चालू असलेले आणि ज्यांच्या घरातलं कोणी नुकतंच गेलंय ते, यांची नोंद ठेवता येईल. ही वही आशाताई आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंच्याच ताब्यात राहील, ग्रुपवर जाणार नाही, एवढी खबरदारी घ्यावी. गोळ्या खंडित झाल्या तर जुना आजार उलटतो, म्हणून त्या नावांसमोर गोळ्या कुठून येतात आणि घरात महिनाभराचा साठा आहे का, तेही लिहावं. प्रत्येक नावापुढे रोज फोन करणाऱ्या शेजाऱ्याचं नाव असावं, आणि त्या शेजाऱ्याला ते आधी विचारलेलं असावं.